आयत्या बिळावर नागोबा : दुसऱ्याच्या संगणकात चाललेल्या चोरट्या टांकसाळीचा इतिहास

धागा. आजचा विषय ना दुर्गाचा, ना ताम्रपटाचा. तरीही आरंभ नेहमीप्रमाणे जुन्या दगडांपाशीच करू.

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव इतिहासप्रेमींना ठाऊक आहे ते तेथील हेमाडपंती शिवमंदिरामुळे. आपल्याकडे जुन्या देवळांच्या वाट्याला एक दुर्दैव हमखास येते : गुप्तधनाच्या लोभाने रात्री खणणारे लोक. त्यांची एक गोष्ट मात्र उघड असते. सकाळी खड्डा दिसतो, उकरलेली माती दिसते, विस्कटलेली हळद आणि चिरलेले लिंबू दिसते. खणले गेले आहे, एवढे तरी कळते.

आज ज्या खणण्याविषयी लिहितो आहे त्यात खड्डा दिसतच नाही.

काही वर्षांपूर्वी नागऱ्यातील माझ्या मामेभावाच्या ऑनलाईन सेवा केंद्रात मी बसलो होतो. दिवस धान विक्रीच्या नोंदणीचे. सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसे सकाळपासून ओट्यावर बसलेली. संगणक मात्र असा घरघरत होता की जणू तोच धान भरडतो आहे. पान उघडायचे, अर्धे भरायचे आणि वेळ संपल्याचा संदेश येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "काका, मशीन तापलं, थोडं थांबा," हे वाक्य भावाने त्या दिवशी किती वेळा उच्चारले असेल! एक म्हातारे गृहस्थ सलग दुसऱ्या दिवशी आले होते. काही न बोलता ते उठले आणि तिसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेले.

दुरुस्ती करणारा मुलगा गोंदियाहून आला. त्याने टास्क मॅनेजर उघडला की पंखा एकदम शांत व्हायचा आणि खिडकी बंद केली की पुन्हा घरघर. दोन-तीनदा असे झाल्यावर तो हसून म्हणाला, "दादा, कोणीतरी आत बसून पाहतंय." आत खरोखरच कोणीतरी बसले होते. भावाच्या विजेवर आणि भावाच्या यंत्रावर ते स्वतःसाठी नाणी पाडत होते. याला इंग्रजीत 'क्रिप्टोजॅकिंग' म्हणतात. मराठीत अधिक नेमका शब्द आधीपासून आहे. तो पुढे येईल.

प्रथम नाणे म्हणजे काय ते पाहू. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाची खातेवही कोणा एका बँकेकडे नसते. ती हजारो संगणकांवर सारखीच ठेवलेली असते. वहीत नवे पान जोडायचे, तर एक कोडे सोडवावे लागते. हे कोडे बुद्धीचे नाही, निव्वळ कष्टाचे आहे. कुलपाला एकेक किल्ली लावून पाहावी तसे कोट्यवधी आकडे तपासायचे आणि अटीत बसणारा एखादा सापडेपर्यंत थांबायचे नाही. ज्याला तो सापडतो, त्याला नवी नाणी मिळतात. या खटाटोपाला 'मायनिंग', म्हणजे उत्खनन, असे नाव पडले. खरे पाहता ते वीज जाळून नाणे पाडणे आहे.

कष्टाचा पुरावा मागण्याची ही कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संशोधकांनी ती मांडली ती नकोशा ईमेलना आळा घालण्यासाठी : प्रत्येक पत्रामागे संगणकाला थोडे राबवले, तर लाखो पत्रे फुकट पाठवणाऱ्याचे कंबरडे मोडेल. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी 'हॅशकॅश' नावाने तिला प्रत्यक्ष रूप दिले. लुटारूंना महाग पडावे म्हणून काढलेली ही युक्ती पुढे लुटारूंचेच भांडवल झाली, हा या कथेतील पहिला विनोद.

दुसऱ्याचा रिकामा संगणक कामाला लावण्याची कल्पना त्याहूनही जुनी. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप यांनी रात्री रिकामे पडलेले संगणक शोधून त्यांवर काम वाटून देणारे प्रोग्रॅम रचले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या प्रोग्रॅमना 'वर्म', म्हणजे किडा, असे नाव आहे. ते त्यांनी जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या एका विज्ञानकादंबरीवरून घेतले होते. एका रात्री छोटासा किडा चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी येऊन पाहतात तो इमारतीतील अनेक यंत्रे निपचित. चालू करावे तर किडा पुन्हा आत शिरून त्यांना पाडतो. अखेर आधीच योजून ठेवलेला नाशाचा संदेश जाळ्यात सोडून सारे किडे मारावे लागले. हेतू शुद्ध होता, जागा स्वतःची होती, तरीही ही गत झाली.

हीच कल्पना १७ मे १९९९ रोजी लोकांच्या घरात पोहोचली, आणि तीही सन्मानाने. बर्कली येथील विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' हा उपक्रम सुरू केला. परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या संदेशाचा शोध घेण्यासाठी, आपला संगणक रिकामा असेल तेव्हा तो विज्ञानाला द्यावा, असे आवाहन होते आणि जगभरातील लाखो लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. यालाच श्रमदान म्हणतात. घरमालकाने स्वतः दार उघडले होते.

आता मधली पायरी. बहुतेक लेखांत ती गाळली जाते, मला मात्र ती सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डीकाल्ब तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणकांची देखभाल डेव्हिड मॅकओवेन हे करीत. त्यांनी तेथील संगणकांवर सांकेतिक लिपी फोडण्याच्या स्पर्धेत भाग घेणारा 'डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट'चा प्रोग्रॅम बसवला. महाविद्यालयाने हिशेब मांडला : वापरलेल्या जाळ्याचे मोल सेकंदाला ५९ सेंट, एकूण नुकसान ४ लाख डॉलरांवर! खटला उभा राहिला आणि तुरुंगवासाची टांगती तलवार आली. जानेवारी २००२ मध्ये तडजोड झाली : एक वर्षाची देखरेख, २,१०० डॉलरांची भरपाई आणि ८० तास समाजसेवा. दुसऱ्याच्या संगणकाचा रिकामा वेळ ही मालमत्ता आहे काय, असल्यास तिची किंमत कोणी ठरवावी, हा प्रश्न बिटकॉइन जन्माला येण्यापूर्वीच न्यायालयाच्या दारी आला होता. सेकंदाला ५९ सेंट हे उत्तर हास्यास्पद होते, प्रश्न हास्यास्पद नव्हता.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रकट झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला खंड रचला गेला. आता संगणकाच्या रिकाम्या वेळेला बाजारभाव मिळाला. बाजारभाव आला की चोर येतोच. २०११ पर्यंत गुपचूप बिटकॉइन खणणारे ट्रोजन सुरक्षा कंपन्यांच्या नोंदींत दिसू लागले.

२०१३ चे 'ई-स्पोर्ट्स एंटरटेनमेंट' प्रकरण तरुण वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या या अमेरिकी कंपनीचे, लबाडी रोखणारे सॉफ्टवेअर खेळाडूंच्या संगणकावर असे. त्याच सॉफ्टवेअरमधून सुमारे १४,००० संगणकांवर खोदकाम चालवले गेले. मिळकत सुमारे ३,७०० डॉलर. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यू जर्सी राज्याशी झालेल्या तडजोडीत दंडाची रक्कम ठरली १० लाख डॉलर, त्यातील मोठा भाग स्थगित ठेवलेला. लबाडी पकडायला नेमलेला पहारेकरीच रात्री गोठ्यातील बैल काढून स्वतःचे शेत नांगरत होता.

पण तोवर बिटकॉइनसाठी असे खणणे परवडेनासे होत चालले होते. केवळ त्याच कामासाठी घडवलेली यंत्रे बाजारात आली आणि घरगुती संगणक त्यांच्यापुढे मुंगीएवढा ठरला. चोरट्यांचा धंदा तेथेच बसायचा. तो वाचवला एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या 'मोनेरो' या चलनाने. त्याची रचना अशी की साध्या संगणकाच्या प्रोसेसरवरही खणता यावे. उद्देश लोकशाहीचा होता, मक्तेदारी मोडण्याचा. शिवाय देवघेव कोणी कोणाशी केली, हे त्यात झाकलेले राहते. साध्या यंत्रावर पडणारे आणि माग न लागणारे नाणे! चोराला याहून काय हवे?

इथे पेशवाईची आठवण होते. त्या काळी सरकार सनद देऊन खासगी टांकसाळी चालवू देत असे. त्यांच्या आडोशाने हिणकस नाणी पाडणाऱ्या टांकसाळीही उगवत आणि त्या बंद करण्याचे हुकूम काढावे लागत. न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी मराठ्यांची नाणी आणि टांकसाळी यांवर निबंधच लिहिला आहे. फरक एवढाच की त्या चोरट्या टांकसाळीला स्वतःची भट्टी, स्वतःचा कोळसा आणि स्वतःचा कारागीर लागे. नव्या टांकसाळीला यांपैकी काहीच लागत नाही. भट्टी तुमची, कोळसा तुमचा, आणि घाम गाळणारे यंत्रही तुमचेच.

मग आले २०१७. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने जपून ठेवलेले 'इटर्नलब्लू' हे हत्यार १४ एप्रिल रोजी 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने उघड्यावर टाकले. विंडोजमधील ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिली होती, पण ती बसवतो कोण? १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोराने जग हादरले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीच काही दिवस 'अडिलकुझ' नावाचा चोर त्याच भगदाडातून आत शिरून मोनेरो खणत बसला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आत आल्यावर तो मागचे दार लावून घेई, कारण भागीदार नको. त्यामुळे काही यंत्रे वॉनाक्रायपासून वाचली असावीत, असे त्याचा शोध लावणाऱ्या तज्ज्ञांचे मत पडले. आयत्या बिळावरचा नागोबा दुसऱ्या नागोबाला आत येऊ देत नाही.

त्याच भगदाडातून पसरलेल्या 'स्मोमिनरू'ने जानेवारी २०१८ पर्यंत ५ लाख २६ हजार विंडोज यंत्रे गिळल्याचे प्रूफपॉइंट या संस्थेने सांगितले. सर्वाधिक यंत्रे कोणत्या देशांत? रशिया, भारत आणि तैवान. या यादीत आपण असण्याचे कारण सांगायला पंडित नको. परवान्याचे पैसे नाहीत म्हणून नकली विंडोज, नकली म्हणून अपडेट बंद, अपडेट बंद म्हणून भगदाड कायम.

दुसरी वाट ब्राउझरमधून आली. सप्टेंबर २०१७ मध्ये 'कॉइनहाइव्ह' ही सेवा सुरू झाली. संकेतस्थळाच्या मालकाने चार ओळी चिकटवायच्या, की पान उघडणाऱ्याचा संगणक पान उघडे असेपर्यंत मोनेरो खणू लागे. ७० टक्के मालकाला, ३० टक्के कॉइनहाइव्हला. जाहिरातींऐवजी हा मार्ग, असे तिचे समर्थन होते आणि वाचकाला विचारून केले असते तर त्यात तथ्यही होते. पण विचारतो कोण? लवकरच चोर दुसऱ्यांच्या संकेतस्थळांत शिरून त्या चार ओळी आपल्या नावाने चिकटवू लागले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या 'ब्राउझअलाउड' या साधनात त्या घुसवल्या गेल्या आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळे एकाच वेळी बाटली. नागरिकांच्या खासगी माहितीची राखण करणाऱ्या ब्रिटिश आयुक्तालयाचे संकेतस्थळही त्यांत होते.

आता आपल्या दाराशी. मे २०१८ मध्ये 'इकॉनॉमिक टाइम्स'ने वृत्त दिले की मुंबईत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहातील दोन हजारांहून अधिक संगणकांवर असाच हल्ला झाला. आरंभ समूहाच्या परदेशातील एका कंपनीत दिसला आणि मग तो इतर कंपन्यांत पसरला. संशयास्पद हालचाल आपल्याच यंत्रणेने टिपली आणि माहितीची हानी झाली नाही, असे समूहाने सांगितले. माहिती गेली नसेलही. या चोराला ती नकोच असते, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध ओरड होत नाही. खंडणीखोर दारावर धोंडा मारतो, हा मात्र घरात राहून आपल्याच ताटात जेवतो. आपण म्हणतो, यंत्र जुने झाले.

पुण्याच्या क्विक हील कंपनीने जानेवारी ते मे २०१८ या पाच महिन्यांत अशा हल्ल्यांच्या ३० लाखांहून अधिक नोंदी टिपल्याचे जाहीर केले. ही कंपनी सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या काटकर बंधूंची. थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत आणि धाकटे संजय यांनी 'मायकेलअँजेलो' विषाणूवर उतारा लिहिला. दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ही कंपनी म्हणजे स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुवाहाटीच्या तरुण संशोधकांनी दाखवून दिले की आंध्र प्रदेशाच्या नगरपालिका विभागाची सरकारी संकेतस्थळेही भेट देणाऱ्यांकडून गुपचूप खणून घेत आहेत. त्यांत तिरुपती महानगरपालिकाही होती. घरपट्टी भरायला गेलेला नागरिक नकळत कोणा अज्ञाताचीही पट्टी भरत होता.

पण खेड्यापाड्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना राऊटरची. मायक्रोटिक कंपनीचे राऊटर छोटे इंटरनेट पुरवठादार आवडीने वापरतात, कारण ते स्वस्त आणि दणकट असतात. त्यांतील दोषावर एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती निघाली. ऑगस्टमध्ये, ज्यांनी ती बसवली नव्हती असे हजारो राऊटर प्रथम ब्राझीलमध्ये काबीज झाले. युक्ती भयंकर होती : राऊटरच पानांत कॉइनहाइव्हच्या ओळी घुसवू लागला. म्हणजे संगणक स्वच्छ असो वा नसो, त्या तारेवर बसलेला प्रत्येक जण वेठीला. ऑक्टोबरपर्यंत भारतात सुमारे ३०,००० राऊटर बाधित झाल्याचे बॅनब्रीच या संशोधन गटाने मांडले, आणि त्यांतील मोठा वाटा महानगरांबाहेरचा होता. शहरातील कंपनीकडे पगारी तज्ज्ञ असतो. तालुक्याच्या केबलवाल्याकडे शिडी आणि पक्कड असते.

'वेठ' हाच तो शब्द. गोंदिया पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते, १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, आणि हा सारा मुलूख मालगुजारीचा. आजही आम्ही 'मामा तलाव' म्हणतो ते माजी मालगुजारी तलावच. मालगुजाराच्या शेतावर कुळाने स्वतःचा नांगर आणि स्वतःचे बैल घेऊन फुकट राबावे, ही बेगारीची चाल त्या व्यवस्थेचा भाग होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. त्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बेगारीला नाव घेऊन मनाई केली. अर्थात माणसाच्या वेठीची आणि यंत्राच्या वेठीची तुलना एका मर्यादेपलीकडे नेऊ नये. कुळाची पाठ मोडत असे, इथे पंखा मोडतो. पण तिसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेलेल्या त्या म्हाताऱ्याचे दोन दिवस कोणाच्या हिशेबात गेले, हा प्रश्न मला सोडत नाही.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३ परवानगीवाचून संगणकात दूषित प्रोग्रॅम घुसवणे निषिद्ध ठरवते. कलम ६६ अन्वये, हेतुपुरस्सर केल्यास, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१७ पासून केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य देते. परंतु घरघरणारा पंखा हा गुन्हा आहे, हे कळल्यावाचून ठाण्यात जातो कोण? आणि गेला तरी पंचनामा कशाचा करायचा?

भावाच्या संगणकात तो शिरला कसा, हे त्या मुलाने तासाभरात शोधले. पुतण्याने फुकट उतरवलेला एक गेम. जून २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातील अवास्ट कंपनीने याच वाटेने येणाऱ्या 'क्रॅकोनॉश'ची कथा प्रसिद्ध केली. नाव तेथील लोककथांतील एका डोंगरदेवाचे. 'जीटीए ५'सारख्या गेमच्या कुलूप तोडलेल्या प्रतींतून तो २०१८ पासून पसरत होता. २ लाख २२ हजारांवर संगणक आणि सुमारे २० लाख डॉलरांचे मोनेरो, असा त्याचा पसारा. बाधितांत फिलिपिन्स आणि ब्राझीलनंतर भारत तिसरा, १३,७७९ संगणकांसह. तो विंडोजचा रखवालदार पुसून टाकी, अपडेट बंद करी आणि रखवालदाराच्या जागी हिरव्या खुणेचे खोटे चिन्ह ठेवी. म्हणजे सारे काही सुरक्षित! देवळातील मूर्ती पळवून तिथे तशीच दुसरी ठेवावी, त्यातला प्रकार.

भावाचा संगणक पुसून नव्याने बसवावा लागला. जुन्या नोंदणीच्या पावत्या गेल्या. त्या महिन्याचे वीजबिल आधीच्या महिन्यांशेजारी ठेवून पाहिले तेव्हा कुठे त्याला पटले. त्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. धूर इथे, बिल इथे आणि नाणे भलतीकडेच.

कॉइनहाइव्ह ८ मार्च २०१९ रोजी बंद पडली. मोनेरोचा भाव वर्षभरात ८५ टक्क्यांहून अधिक घसरला होता आणि धंदा परवडत नव्हता. पुढे तिचे जुने नाव ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाच्या हाती आले. २०२१ मध्ये त्याने त्या ओसाड पत्त्यावर कोण येते ते मोजले. सेवा बंद होऊन दोन वर्षे झाली होती, तरी एकेका दिवसात लाखाहून अधिक लोकांचे संगणक तिथे काम मागायला येत होते. कुठल्या तरी पानात, कुठल्या तरी धूळ खात पडलेल्या राऊटरमध्ये, त्या चार ओळी अजून तशाच होत्या.